तिसऱ्या किलोवॅटचे १८ हजार

मे महिन्यातली दुपार. पावणेदोनला लाईट गेली. आमचं गाव अंबाजोगाईपासून फार लांब नाही. डोंगराचा भाग असला तरी त्या दिवसांत स्लॅबवर अनवाणी पाय टेकवत नाही. त्याच स्लॅबवर गेल्या वर्षी आम्ही ३ किलोवॅटचं सोलार बसवलं. खाली ओसरीत आई पंख्याखाली आडवी झाली होती. पंखा हळूहळू मंद होत थांबला. पदरानं वारा घेत ती म्हणाली, "वर एवढं ऊन तापायलंय, अन् फॅन कामून बंद पडलाय रे?"

जिन्याखालच्या इन्व्हर्टरवर लाल दिवा लागला होता. प्लेटा नव्या, वायरी नव्या, माथ्यावर मराठवाड्याचं ऊन, आणि घरात साधा एक बल्ब लागत नव्हता. लाईट साडेपाचला आली. उन्हाचे पावणेचार तास कोरडे गेले.

ज्यानं सोलार बसवलं त्या पोराला मी फोन केला. तो म्हणाला, "सर, लाईन आल्याशिवाय हे चालू होत नसतंय. तसंच बनवलेलं असतंय." त्याचं खरं होतं. आपल्याकडे अनुदानातून बसणारं घरगुती सोलार लाईनशी जोडलेलं असतं. लाईन गेली की इन्व्हर्टर आपोआप बंद पडतो, कारण खांबावर वायरमन चढलेला असताना माझ्या घरातली वीज उलटी तारेत गेली तर त्याचा जीव जाईल. हा नियम योग्यच आहे. लाईन तोडून घरापुरती वीज चालू ठेवायची तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी लागते. तशी जोडणी करायला सरकारची परवानगी आहे. मात्र बॅटरीसाठी केंद्राच्या योजनेत एक रुपयाही अनुदान नाही.

इथंच माझं म्हणणं सुरू होतं. ही योजना मनापासून चांगली आहे आणि मी तिचा लाभार्थी आहे, हे आधी सांगतो. 'पीएम सूर्यघर मुफ्त बिजली योजना' फेब्रुवारी २०२४ मध्ये मंजूर झाली. ७५,०२१ कोटी रुपये, १ कोटी घरं, मुदत २०२६-२७ पर्यंत. पहिल्या २ किलोवॅटसाठी प्रत्येक किलोवॅटला ३० हजार, तिसऱ्याला १८ हजार, असे जास्तीत जास्त ७८ हजार. मला हे ७८ हजार मिळाले, थेट बँकेच्या खात्यात. बहुतेक महिन्यांत आता बिलात स्थिर आकारच काय तो उरतो. महिन्याच्या पगारावर चालणाऱ्या घराला ही फार मोठी गोष्ट आहे.

पण आईनं विचारलेला प्रश्न बिलाचा नव्हताच. तिला दुपारी पंखा हवा होता. या योजनेनं आमचं बिल उतरवलं, आमच्या घरात वीज किती तास असते यात मात्र काडीचा फरक पडला नाही. पुण्या-मुंबईत हे दोन प्रश्न वेगळे नाहीत. तिथं लाईट जातच नाही म्हटलं तरी चालेल, म्हणून बिल कमी झालं की काम झालं. मराठवाड्याच्या गावात मात्र वीज महाग आहे त्याआधी ती भरवशाची नाही. अवकाळीचं वारं सुटलं की तार तुटते, ओव्हरलोड झाला की डीपी, म्हणजे आळीचा ट्रान्सफॉर्मर, जळते, आणि जळलेली डीपी बदलून मिळेपर्यंत अख्खी आळी अंधारात बसते. वीज ग्राहकांच्या हक्कांबाबत केंद्राचे २०२० चे नियम आहेत. त्यांत चोवीस तास पुरवठा हा ग्राहकाचा हक्क म्हणून लिहिलेला आहे. कागदावरच्या त्या हक्काच्या आणि आमच्या ओसरीच्या मध्ये अजून पुष्कळ अंतर आहे, आणि अनुदानाची रचना करताना हे अंतर कुणी मोजलेलं दिसत नाही.

आता अनुदान कुणाला किती मिळतं ते पाहू. १ किलोवॅटच्या प्लेटा महिन्याला साधारण १२० युनिट वीज देतात. गावातल्या साध्या घराचा वापर शंभर युनिटच्या आतच असतो. दोन बल्ब, एक-दोन पंखे, टीव्ही, मिक्सर, मोबाईल. अशा घराला १ किलोवॅट पुरून उरतं, म्हणून त्याच्या वाट्याला केंद्राचे ३० हजार. माझ्याकडे फ्रिज आहे, पाण्याची मोटर आहे, कूलर आहे, म्हणून मला ७८ हजार. ज्याचा वापर जास्त त्याला मदत जास्त, असा हा हिशेब झाला. राज्य सरकारनं ही उणीव ओळखली हे नोंदवायला हवं. २०२५ मध्ये आलेल्या 'स्मार्ट' योजनेत, म्हणजे स्वयंपूर्ण महाराष्ट्र आवासीय रूफटॉप योजनेत, दारिद्र्यरेषेखालच्या घराला १ किलोवॅटसाठी केंद्राच्या ३० हजारांवर राज्याचे १७,५०० रुपये मिळतात. घरच्यांना साधारण अडीच हजारच भरावे लागतात. हे पाऊल योग्य दिशेनं आहे. पण त्यातही बॅटरी नाही. सूर्य मावळल्यावर लाईट गेली तर अडीच हजार भरलेलं घर आणि ७८ हजार घेतलेलं घर, दोन्ही सारख्याच अंधारात.

छपराचा प्रश्न तर याच्याही आधीचा. योजनेच्या सगळ्या चित्रांत स्लॅबचं घर असतं. आमच्या भागात अजून पत्र्याची घरं भरपूर, आणि जुन्या गावठाणात माळवदं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा दगडमातीच्या भिंती आणि वरचं मातीचं ओझं यांनीच माणसं गाडली. तेव्हापासून माळवदावर आणखी वजन ठेवायची कल्पनाही लातूर-धाराशिवकडच्या माणसाला सहन होत नाही, आणि तसं करूही नये. पत्र्याची गोष्ट निराळी. वळवाच्या वाऱ्यात पत्रा उडू नये म्हणून लोक त्यावर दगड मांडून ठेवतात. अशा छपरावर प्लेटा बसवायच्या तर खालून लोखंडी सांगाडा उभारावा लागतो, आणि त्याचा जास्तीचा खर्च ज्याचा त्यानं करायचा. त्यात मीटर आजोबांच्या नावावर, घराची वारसनोंद झालेली नाही, भावाभावांत वाटणी तोंडी. बँकेत कर्जाला गेलं की गाडी तिथंच अडते. याबद्दल बरंच लिहिता येईल, पण माझा आजचा मुद्दा साठवणुकीचा आहे.

माझी मागणी साधी आहे. तिसऱ्या किलोवॅटसाठी जे १८ हजार मिळतात, ते ज्याला हवेत त्याला बॅटरीसाठी घेता यावेत. एक किंवा दोन किलोवॅट बसवणाऱ्यानं तिसरा किलोवॅट न घेता त्या जागी साठवणूक घ्यावी. यासाठी नवा निधी काढावा लागत नाही, ७८ हजारांची कमाल मर्यादाही बदलत नाही. एकाच अनुदानाचा एक भाग ग्राहकाला त्याच्या गरजेप्रमाणे वळवता येईल, एवढंच.

१८ हजारांत काय होतं? संध्याकाळचा हिशेब मी घरी बसून मांडलाय. साधा पंखा ७५ वॅटचा, नवा, कमी वीज खाणारा बीएलडीसी पंखा ३० च्या आसपास. असे दोन नवे पंखे रात्रभर, आठ तास, चालवले तर अर्धं युनिटही लागत नाही. चार एलईडी बल्ब चार तास, थोडा टीव्ही, दोन-तीन मोबाईल धरले तरी एक युनिटभर वीज पुरते. हातचं राखून दोन युनिट साठवणारी बॅटरी घेतली तरी मध्यम घराची रात्र निघते. एवढ्या क्षमतेची लिथियमची बॅटरी १८ हजारांत पूर्ण येत नाही, हे मी बाजारात विचारून आलोय. पण खर्चाचा मोठा भाग त्यातून निघतो, आणि उरलेला भार उचलायला लोक तयार होतात. तयार होतात असं मी का म्हणतो? कारण लोक आजही हा खर्च करतातच. आमच्या गावात ज्याच्याकडे चार पैसे आहेत त्याच्या घरात कोपऱ्यात १५० एएचची लेड-ॲसिड बॅटरी आहे. तिच्यात दर काही महिन्यांनी डिस्टिल्ड वॉटर घालायचं, तीन-चार वर्षांत ती बसली की भंगारात देऊन नवी आणायची. ती चार्ज होते लाईनवरच्या विजेवर. म्हणजे वर स्लॅबवर सोलार, खाली लाईनवर भरणारी बॅटरी, आणि दोघांची ओळखच नाही, अशी घरं मी मोजून दाखवू शकतो.

कराकडेही बघायला हवं. २२ सप्टेंबर २०२५ पासून सोलारच्या साहित्यावरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, चांगली गोष्ट झाली. बॅटरीवर मात्र १८ टक्के आहे. एकाच घरातल्या एकाच कामाच्या दोन वस्तू. ऊन पकडणारीला सवलत, ते रात्रीसाठी जपून ठेवणारीला ऐषआरामाच्या वस्तूसारखी वागणूक. बॅटरी ही आमच्याकडे चैन नाही. दम्याच्या पेशंटचं नेब्युलायझर, दहावीच्या पोराचा अभ्यास, पावसाळ्यात अंगणात फिरणारा साप, या सगळ्याशी तिचा संबंध आहे.

आणि सरकारला साठवणुकीचं महत्त्व कळत नाही असं कुणी म्हणू नये, कारण मोठ्या बॅटऱ्यांसाठी सरकार पैसे देतंच. २०२३ मध्ये केंद्रानं ४,००० मेगावॅट-तास क्षमतेच्या बॅटरी प्रकल्पांना खर्चाच्या ४० टक्क्यांपर्यंत मदत मंजूर केली. २०२५ मध्ये आणखी ३० गिगावॅट-तासांसाठी ५,४०० कोटी रुपये जाहीर झाले. दर युनिट साठवणक्षमतेमागे ते १,८०० रुपये पडतात. म्हणजे दुपारी वीज जास्त होते, संध्याकाळी कमी पडते, ती मधे कुठंतरी साठवली पाहिजे, हे दिल्लीला पटलेलं आहे. महाराष्ट्रातल्या वीजदरांनाही ते पटलंय. १ जुलै २०२५ पासून स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकाला सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर युनिटमागे ८० पैसे ते १ रुपया सवलत आहे. दिवसाची वीज स्वस्त आणि संध्याकाळची जड, हे मीटरवरच लिहून आलं. दिवसा बनवलेली युनिटं रात्रीच्या वापरातून वळती होऊ द्यावीत का, यावर २०२५ च्या दरप्रस्तावाच्या वेळी केवढा गदारोळ झाला, तोही अजून आठवतो. वीज कंपनीचं दुखणं त्यामागे होतं: दुपारी सगळे देतात, संध्याकाळी सगळे एकदम मागतात. मग घराघरांत थोडी थोडी बॅटरी असली तर हे दुखणं कमीच होईल की. मोठ्या प्रकल्पातल्या बॅटरीतून निघालेली वीज शेवटी त्याच तुटणाऱ्या तारेवरून आमच्या आळीत यायची. तार तुटली की तिचा आम्हाला उपयोग शून्य. घरातली बॅटरी तार तुटल्यावरच खरी कामाला येते.

ऑस्ट्रेलियाचं उदाहरण मी यासाठी देतो की त्यांनी हा रस्ता आपल्याआधी चालून पाहिला. तिथं तीनातल्या एका घरावर सोलार आहे. इतक्या प्लेटा झाल्यावर दुपारची वीज ओसंडून जायला लागली आणि संध्याकाळचा ताण तसाच राहिला. म्हणून १ जुलै २०२५ पासून त्यांच्या केंद्र सरकारनं घरच्या बॅटरीवर साधारण ३० टक्के सूट सुरू केली. अट अशी की बॅटरी सोलारला जोडलेली हवी. तिथली श्रीमंती आपल्याकडे नाही हे मान्य, त्यांच्याकडे ५ युनिटच्या खालच्या बॅटरीला सूटच नाही, आणि मी तर २ युनिटची गोष्ट करतोय. पण क्रम तोच आहे: आधी प्लेटा, मग साठवणूक. आपण पहिल्या पायरीवरून दुसरीवर जायला किती वर्षं लावायची हे आपल्या हातात आहे.

यावर सगळ्यात वजनदार आक्षेप माझ्या एका मित्राचा आहे. त्याचं आयुष्य विजेच्या खांबांवर आणि उपकेंद्रांत गेलं. तो म्हणतो, "सर, बॅटरीवर पैसा घालण्यापेक्षा डीपी बदला, तारा बदला. एका डीपीवर अख्खी आळी उजळती. तुमच्या बॅटरीनं एकच घर." या म्हणण्यात तथ्य आहे आणि मी ते उडवून लावणार नाही. बॅटरी आली म्हणून लाईन दुरुस्त करायची नाही, असं कुणी करायला लागलं तर ज्यांच्याकडे बॅटरी नाही त्यांचे हाल वाढतील. शहरात टँकर आणि बोअर घेणाऱ्यांनी नळाच्या पाण्यासाठी आवाज उठवणं सोडलं तेव्हा काय झालं ते आपण पाहिलंय. ही भीती खरी आहे.

तरीही मी त्याला दोन गोष्टी सांगितल्या. एक, संध्याकाळी सातला सगळी घरं एकदम वीज ओढतात तेव्हाच डीपीवर सगळ्यात जास्त ताण येतो. दहा घरांनी त्या वेळेला स्वतःची साठवलेली वीज वापरली तर तीच डीपी जास्त दिवस टिकेल. आणि दुपारी याच आळीत जास्त घरांवर प्लेटा असल्या की व्होल्टेज चढतं, इन्व्हर्टर बंद पडतात, हे तो स्वतःच मला सांगतो. त्या वेळी बॅटऱ्या भरत असल्या तर तेही कमी होईल. दोन, मी नवा पैसा मागत नाहीये. डीपीसाठीचा पैसा तसाच राहू द्या. छपरासाठी जो पैसा आधीच मंजूर आहे, त्यातलाच एक तुकडा ग्राहकाला निवडू द्या. मित्र यावर काही बोलला नाही, पण त्यानं एक अट घातली आणि ती मला पटली: जिथं लाईट जास्त जाते तिथंच ही मुभा आधी द्या. किती वेळ पुरवठा खंडित होतो याची फीडरनिहाय, म्हणजे उपकेंद्रातून निघणाऱ्या प्रत्येक वाहिनीची, नोंद वीज कंपन्यांकडे असते. त्या नोंदीवरून गावं ठरवा. ज्या शहरात लाईट जात नाही तिथल्या बंगल्याला बॅटरीचं अनुदान देऊ नका.

गावठाण सोडून शेतात राहणाऱ्यांबद्दल कुणी बोलत नाही, आणि मला तर या लेखात सगळ्यात जास्त त्यांच्याबद्दलच सांगायचंय. आमच्याकडे वस्ती म्हणतात, परभणी-हिंगोलीकडे आखाडा. या घरांची वीज बऱ्याचदा शेतीच्या फीडरवरून येते. पंपाला जेव्हा वीज तेव्हा घराला. रात्री पिकाला पाणी द्यायला जाण्यात सापाचा, रानडुकराचा धोका असतो, म्हणून शेतीला दिवसाच वीज द्या अशी मागणी शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षं केली आणि सरकारनं ती मान्यही केली. 'मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.०' त्यातूनच आली. पण फीडरला दिवसा वीज मिळू लागली म्हणून त्या फीडरवरच्या वस्तीची संध्याकाळ सुटत नाही. अशा घरावर लाईनशी जोडलेलं सोलार बसवलं तर फीडर बंद असताना तेही बंद. छपरावरच्या योजनेतली ही सगळ्यात मोठी उणीव आहे: जिथं वीज सगळ्यात कमी, तिथं ही योजना सगळ्यात कमी उपयोगाची.

आणि त्याच वस्तीपासून पन्नास पावलांवर काय उभं असतं? सौरपंप. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत शेतकऱ्यानं १० टक्के रक्कम भरायची, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यानं ५ टक्के, बाकीचे पैसे सरकारचे. ३ एचपीच्या पंपाला साधारण ३ किलोवॅटच्या प्लेटा, ५ एचपीला जवळपास ५, साडेसातला सातच्या आसपास. माझ्या छपरावर जेवढं आहे तेवढं किंवा त्याहून जास्त. या पंपाला लाईन लागतच नाही, लाल दिव्याचा प्रश्न नाही. पण पावसाळ्यात आणि दोन पाण्यांच्या मधल्या दिवसांत त्या प्लेटा नुसत्या उन्हात तापत असतात. विहिरीत पाणी नसलं तर उन्हाळ्यातही. सौरपंपांसाठीच्या केंद्राच्या कुसुम योजनेच्या नियमांत याचा विचार झालेला आहे. पंप बंद असताना त्याच प्लेटांवर पिठाची गिरणी, कडबाकुट्टी, बॅटरी चार्जर चालवता येईल अशा कंट्रोलरची तरतूद त्यात आहे. मग वस्तीवरच्या घराला दोन-तीन युनिटची बॅटरी आणि असा कंट्रोलर यांचं अनुदान द्या. प्लेटा आधीच आहेत, सांगाडा आहे, वायर आहे. मराठवाड्यात साठवणुकीचा सगळ्यात स्वस्त रस्ता हाच असेल असं मला मनापासून वाटतं. एका वस्तीवर संध्याकाळी गेलो होतो. म्हातारे आजोबा कंदील लावत होते. मागं हिरव्या शेतात प्लेटांची रांग मावळतीला तोंड करून उभी होती. ते म्हणाले, "मास्तर, दिवसभर पाणी चढतंय, रातचं मोबाईल बी चार्ज होत नाही."

ऊसतोडीला जाणाऱ्यांचं दुखणं निराळं आहे, आणि ते बीड जिल्ह्याबाहेर कुणाच्या लक्षात येईल असं नाही. दिवाळीच्या आसपास कोयता घेऊन घरचे निघतात, पाडव्याच्या सुमाराला परततात. मधे घराला कुलूप. १ किलोवॅट बसलेलं असेल तर या महिन्यांत बनलेली सगळी वीज लाईनवर जाते आणि युनिटं खात्यात जमा होत राहतात. पण हिशेबाचं वर्ष ३१ मार्चला संपतं. उरलेल्या युनिटांचे पैसे तेव्हा जो काही ठरलेला दर असेल त्यानं मिळतात, तो आपण मोजतो त्या दरापेक्षा बराच कमी, आणि १ एप्रिलला खातं पुन्हा शून्यावर. म्हणजे घरी माणसं परततात, उन्हाळा सुरू होतो, पंखा लागतो, आणि नेमकं तेव्हाच साठा संपलेला. बॅटरीनं हे सुटत नाही, बॅटरीत पाच महिन्यांची वीज मावत नाही. इथं वर्षाची तारीखच बदलावी लागेल. जून अखेरपर्यंत युनिटं पुढं ओढू दिली तर या घरांचा अख्खा उन्हाळा निघेल. नियामक आयोगाच्या एका आदेशाचं काम आहे.

बॅटरी म्हटलं की कचऱ्याचा विचार टाळता येत नाही. जुन्या लेड-ॲसिड बॅटऱ्या गावोगावचे भंगारवाले घेतात, कुठंतरी उघड्यावर फोडल्या जातात, शिसं मातीत आणि पाण्यात उतरतं. मुलांच्या मेंदूवर शिशाचा परिणाम होतो हे वैद्यकशास्त्रानं केव्हाच सिद्ध केलंय. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी वापरलेली बॅटरी परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे. अनुदान देताना ही जबाबदारी कागदावरून तालुक्यापर्यंत आणता येईल: जी कंपनी तालुक्याच्या ठिकाणी जुनी बॅटरी परत घेईल, तिचीच बॅटरी अनुदानाला पात्र. अनुदानासारखी ताकद सरकारच्या हातात दुसऱ्या कशात नसते. प्लेटांच्या बाबतीत ती वापरली गेलीच आहे, अनुदान हवं तर भारतात बनलेले सेल आणि पॅनेलच घ्यावे लागतात.

आमच्या घरून परळी जवळ. औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या लहानपणी आम्हाला राजवाड्यासारख्या वाटायच्या. २०१५ मध्ये पाणी नाही म्हणून तिथले संच बंद ठेवावे लागले. पुढच्याच वर्षी लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. कोळसा जाळून वीज करायला पाणी लागतं, आणि ते आमच्याकडे प्यायलाच पुरत नाही. सोलारला प्लेटा पुसण्यापुरतं पाणी लागतं. म्हणून मराठवाड्यानं सोलारकडे हौस म्हणून बघू नये, हा आमच्या जमिनीला झेपणारा धंदा आहे. मात्र तो दिवसापुरताच राहिला तर रात्रीसाठी आम्ही पुन्हा त्याच चिमण्यांकडे तोंड करून बसणार.

सूर्यघरची मुदत २०२६-२७ पर्यंत आहे. त्यापुढची योजना कशी असावी हे लिहायला आता कुणीतरी बसेल. त्या कागदावर बॅटरीचा रकाना असावा म्हणून आत्ताच बोलायला हवं.

आईनं त्या दुपारनंतर एक काम हाती घेतलंय. भिंतीवरच्या कॅलेंडरवर ती दुधाचा रतीब मांडते. त्याच चौकटीत खाली लाईट गेल्याची आणि आल्याची वेळ लिहिते, पेन्सिलीनं, बारीक अक्षरात. काही चौकटी भरून गेल्यात, तिथं तिनं शेजारच्या रविवारच्या घरात बाण काढून लिहिलंय. शेजारच्या दोन बायकांनीही सुरू केलंय. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत ही पानं आम्ही ठेवणार आहोत. ठराव एका ओळीचा आहे: ज्या गावाचा पुरवठा वारंवार खंडित होतो, तिथल्या ग्राहकाला तिसऱ्या किलोवॅटचं अनुदान बॅटरीसाठी घेण्याची मुभा द्यावी, आणि शेतवस्तीवरच्या सौरपंपाला घरासाठी बॅटरी जोडून द्यावी. सह्या घेणं सुरू आहे.